पेपर सहा दिवसांवर आणि जीवशास्त्र कोरं

या वेळच्या टपालात दहावीचीच पत्रं जास्त आहेत आणि त्यातली बहुतेक सायन्सच्या पेपराची. मी बत्तीस वर्षं खानापूर-बेळगाव भागात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवलं. मार्चच्या शेवटी मुलांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि ही चार आधी घेतली. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तिनं जे विचारलंय तीच बहुतेकांची अडचण आहे.

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. दहावीला आहे, मराठी माध्यम. फिजिक्स-केमिस्ट्री जमतं. बायोलॉजी वाचताना सगळं समजतं, पण पुस्तक मिटलं की काहीच राहत नाही. ‘जीवनक्रिया’ हा धडा मी चार वेळा वाचला. तरी प्रिपरेटरीला (सराव परीक्षेला) बायोलॉजीच्या भागात निम्मे मार्कसुद्धा पडले नाहीत. जानेवारीत आजी आजारी होती म्हणून पंधरा दिवस शाळा बुडाली. चंदगडच्या मामांनी तिकडचं दहावीचं गाइड आणून दिलंय, ते वाचू की नको? अंक हातात येईल तेव्हा पेपरला पाच-सहा दिवस असतील. काय करू?

उत्तर : पोरी, आधी मामांच्या गाइडचं सांगते, कारण त्यात तुझा वेळ जाईल. ते गाइड आज बांधून कपाटावर ठेव. मामांनी मायेनं आणलंय, पण चंदगड महाराष्ट्रात आणि तू कर्नाटक बोर्डाची. तिकडच्या दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ अशी दोन पुस्तकं आहेत आणि त्यातल्या दुसऱ्या भागात प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन असे धडे येतात. तुला त्यातलं काही नाही. तुझं पुस्तक एनसीईआरटीचं मराठी रूप आहे आणि जीवशास्त्राचे धडे मोजून पाच : जीवनक्रिया, नियंत्रण आणि समन्वय, प्रजनन, अनुवंशिकता, आपलं पर्यावरण. भाषा एक असली तरी शब्दही कधीकधी वेगळे असतात. एकाच अवयवाला तिकडं एक नाव आणि तुझ्या पुस्तकात दुसरं, असं झालं की ऐन पेपरात हात अडखळतो. मोबाइलवर मराठीतून शिकवणारे जे व्हिडिओ बघतेस, तेही बरेचसे तिकडच्या पुस्तकावरचे असतात. तुझ्या पुस्तकात जो शब्द छापलाय तोच लिही.

आता चार वेळा वाचूनही का राहत नाही ते. खानापूरच्या स्टँडवर एखादी बाई दिसते. चेहरा ओळखीचा असतो, कुठल्या गावची तेही आठवल्यासारखं वाटतं, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. तुझं धड्याशी तसं झालंय. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि मनाला वाटतं, हे येतंय मला. पण पेपरात ओळखायचं नसतं, कोऱ्या कागदावर स्वतः आणायचं असतं. ती सवय वाचून लागत नाही, आणून बघितल्यानंच लागते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे पुढं निघाले. तुझा पेपर पाच मिनिटांनी नाही, म्हणून तू दुसऱ्या गटात जा.

मला हे शास्त्रज्ञांच्या आधी आईनं शिकवलं. १९७६ साली मी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला होते. घरात वीज नव्हती, म्हणून संध्याकाळी चुलीच्या उजेडात आईजवळ बसून वाचायची. आईला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापता थापता ती म्हणायची, ‘काय वाचूलीस गे? मला सांग बघू.’ मी हृदयाचं सांगितलं, चार कप्पे, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त. ती म्हणाली, ‘मग ते अशुद्ध रक्त शुद्ध कुठं होतं?’ मी गप्प झाले. धडा पाठ होता, पण फुप्फुसाकडं रक्त जातं आणि परत येतं हा रस्ता डोक्यात नव्हता. पुस्तक उघडून बघितलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो रस्ता मी आजपर्यंत विसरले नाही.

तर तुझी आजी आता बरी असेल आणि घरात असेल, तर तिला समोर बसव. ऐकायला कोणी नसेल तर भिंतीला सांग, पण तोंडानं मोठ्यानं सांग. आणि एक जुनी वही घे. धड्याचा एक तुकडा एकदाच वाच, मोठा नको, दोन पानांचा. पुस्तक मिट. वहीत काय आठवतं ते लिही, आकृती असेल तर काढ. मग पुस्तक उघड आणि जे राहिलं किंवा चुकलं ते तांबड्या पेनानं भर. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तांबडं काय होतं ते पुन्हा कोऱ्या पानावर आणायचं. पहिल्या दिवशी पान तांबडंच दिसेल, त्याला भिऊ नको. ते तांबडं पेपरच्या आधी दिसतंय हे चांगलंच आहे.

जीवनक्रिया या धड्याला दोन दिवस दे, कारण तो सगळ्यात मोठा आणि मार्कांचाही. त्यातल्या दोन गोष्टी मी इथं सविस्तर सांगते, कारण बोर्डाचे पेपर तपासायला गेले तेव्हा याच दोन ठिकाणी मुलं घसरलेली बघितली आहेत.

पहिली मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची. मुलं त्याची आकृती वेटोळं काढल्यासारखी काढतात आणि नावं कुठंही जोडतात. आकृती पाठ करू नको, पाण्याचा प्रवास समजून घे, म्हणजे आकृती आपोआप येईल. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन आहेत. प्रत्येकाच्या तोंडाशी वाटीसारखी बोमनची संपुटिका असते आणि त्या वाटीत केशवाहिन्यांचा गुंता असतो. रक्त त्या गुंत्यात दाबानं येतं आणि त्यातलं पाणी, ग्लुकोज, क्षार, युरिया असं सगळं लहान ते वाटीत गाळून पडतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मात्र रक्तातच राहतात. आपल्या घरी ताक गाळताना लोणी फडक्यावर राहतं, तसं. असं गाळलेलं पाणी दिवसाला सुमारे १८० लिटर होतं. घागर पंधरा लिटरची धरली तर बारा घागरी! पण लघवी होते दिवसाला एक-दोन लिटर. मग बाकीचं गेलं कुठं? पुढं जी लांब वळणावळणाची नळी आहे, तिच्याभोवती केशवाहिन्या गुंडाळलेल्या असतात. त्या ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार आणि बहुतेक पाणी परत रक्तात ओढून घेतात. उरलेलं युरियासह संग्राहक नळीत आणि तिथून मूत्रवाहिनीत जातं. शरीरात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त दिवसभरात पुन्हा पुन्हा गाळलं जातं. उन्हात भुईमूग काढायला गेल्यावर लघवी पिवळी आणि थोडी का होते? घामानं पाणी गेलं, म्हणून नळीनं जास्त पाणी परत घेतलं. आजीला साखर असेल तर तिला हेही सांग : रक्तात साखर फार वाढली की नळीला ती सगळी परत घेता येत नाही, म्हणून ती लघवीत येते. ‘गाळणं, मग कामाचं परत घेणं, मग टाकणं’ हे तीन टप्पे तुझ्या उत्तरात क्रमानं आले की तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही.

दुसरी हृदयाची. पहिली चूक डावं-उजवं. कागदावरची आकृती म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचं हृदय. त्यामुळं त्याची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला येते. आईला समोर उभी कर, तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेव, कळेल. दुसरी चूक धमनीची. मुलं लिहितात, धमनीत शुद्ध रक्त असतं. फुप्फुस धमनीत नसतं! धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी आणि शीर म्हणजे हृदयाकडं आणणारी, एवढी व्याख्या घट्ट धर. फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसाकडं नेते आणि फुप्फुस शीर ऑक्सिजन भरलेलं रक्त परत आणते. मग डाव्या जवनिकेची, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड का, हा प्रश्नही सुटतो : तिला पायाच्या बोटापर्यंत रक्त ढकलायचं असतं, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. (तुझ्या पुस्तकात ‘जवनिका’ऐवजी दुसरा शब्द असेल तर तोच लिही.) आणखी एक गंमतीची पण कामाची गोष्ट. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं, हृदय हवं असेल तर ‘दिल’ म्हणावं लागतं आणि मूत्रपिंडाला ‘गुर्दा’. पण बोलताना आपण ‘काळजात धस्स झालं’ म्हणतो ते हृदयाला. म्हणून काही मुलं यकृताचं काम विचारलं की रक्ताभिसरण लिहून येतात. यकृत पित्तरस तयार करतं आणि पित्तरस चरबीचे मोठे थेंब फोडून बारीक करतो, हे वेगळं लक्षात ठेव. पुढच्या वेळी घरी बोकडाचं मटण आलं तर गुर्दा सुरीनं उभा कापून बघ. बाहेरचा आणि आतला थर वेगळा दिसतो, पुस्तकात आहे तसाच.

याच धड्यातली पचनाची सुरुवात घरात करून बघता येते. जोंधळ्याच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन तीन-चार मिनिटं चावत राहा, गिळू नको. हळूहळू गोडसर लागतो. लाळेतल्या अमायलेजनं पिठूळ पदार्थाची साखर केली. ‘लाळेचं कार्य लिहा’ म्हटलं की ती गोडी आठवेल.

नियंत्रण आणि समन्वयासाठी एक दिवस पुरे. तव्याला बोट लागतं आणि हात मागं येतो, आणि ‘भाजलं’ असं नंतर कळतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया. क्रम असा : त्वचेतलं ग्राहक, संवेदी चेतापेशी, मेरुरज्जू, त्यातली जोडणारी चेतापेशी, प्रेरक चेतापेशी, मग स्नायू. मेंदूला खबर जाते, पण हुकूम मेरुरज्जूतूनच सुटलेला असतो. हा क्रम बाणांनी दहा वेळा काढ. संप्रेरकांसाठी एक पान : कुठली ग्रंथी, कुठला रस, काय काम, कमी पडला तर काय. थायरॉक्सिनला आयोडीन लागतं, म्हणून मिठाच्या पुडीवर आयोडीन लिहिलेलं असतं आणि ते कमी पडलं की गळ्याला गॉयटर (गलगंड) येतो. वनस्पतींची ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन आणि ॲब्सिसिक आम्ल याच पानाच्या मागं लिही. शेवटचं वाढ थांबवणारं, बाकीची वाढीची.

प्रजननासाठी दारातली जास्वंद पुरेल. ब्लेडनं उभी चीर. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच तांबडे ठिपके, ते कुक्षी. त्याच दांड्यावर पिवळे परागकोश. खाली हिरव्या निदलपुंजात लपलेलं अंडाशय आणि ते कापलं की आत पांढरे कण, ती बीजांडं. पुस्तकातल्या फुलात पुंकेसर सुटे असतात आणि जास्वंदीत नळीसारखे जुळलेले, एवढा फरक लक्षात ठेवून आकृती पुस्तकातली काढ. माणसाच्या प्रजननाचा भाग मात्र मुली लाजून सोडतात. वर्गात सर घाईनं पुढं जातात आणि मुली घरी पान उलटतात. असं करू नको. तुझ्या शरीराचं ज्ञान तुला असायलाच हवं आणि मार्कही त्याला असतात. आईला विचार, ताईला विचार, शाळेतल्या मॅडमना विचार.

पर्यावरण हा धडा संध्याकाळी शेताच्या बांधावर बसून कर. भात, टोळ, बेडूक, साप, मोर ही अन्नसाखळी तुझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा साधारण दहावा भागच पुढं जातो, म्हणून साखळ्या फार लांब नसतात. आणि असा प्रश्न येतो की एक पायरी काढून टाकली तर काय होईल. त्याला पुस्तकातलं वाक्य लागत नाही. बेडूक गेले तर टोळ वाढतील आणि भात खातील, एवढं शेतकऱ्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. ओझोनचं मात्र पुस्तकातून कर. अनुवंशिकतेबद्दल खाली बेळगावच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय ते वाच.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि बोर्डाच्या नमुना प्रश्नपत्रिका शाळेत असतील. शेवटच्या आधीच्या दिवशी त्यातली एक घड्याळ लावून सोडव, फक्त जीवशास्त्राचा भाग. आणि एवढं करूनही मनासारखे मार्क पडले नाहीत तर बोर्डाची परीक्षा त्याच वर्षी पुन्हा देता येते, जास्तीचे मार्क धरले जातात. हे मी तुला ढिलं पडायला सांगत नाही. रात्री झोप लागावी म्हणून सांगते.

प्रश्न : मॅडम, निपाणीहून लिहितोय. मुलगा दहावीला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचतो, चार वेळा चहा मागतो. सकाळी उठवत नाही. शेवटचे दिवस आहेत म्हणून आम्ही काही बोलत नाही. बरोबर करतोय का?

उत्तर : बोला. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं बसायचं काम झोपेत होतं. हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नवी माहिती तात्पुरती धरून ठेवतो, तो झोपेत ती पुन्हा चाळतो आणि बाकीच्या मेंदूत मुरवतो. झोप कापली तर रात्री वाचलेलं आणि संध्याकाळी वाचलेलं, दोन्ही कच्चं राहतं. चहातलं कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहानंतर चहा बंद करा, हवं तर दूध द्या. दहा-साडेदहाला दिवा बंद, पाचला उठू दे. पहिल्या दिवशी कुरकुरेल. आणि मोबाइल रात्री तुमच्या उशाशी ठेवा, त्याच्या नको. मुलगा सकाळी उठला की तुम्ही तंबाखूच्या वखारीला निघण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि काल काय वाचलंस ते सांग म्हणा. तुम्हाला ते समजलं नाही तरी चालेल. त्याला सांगता येतंय का एवढंच बघायचं.

प्रश्न : बाई, मी बेळगावचा. मेंडेलचे ३:१ पाठ आहे, पण चौकट भरताना गोंधळतो. चारपैकी तीन उंच का येतात ते मनाला पटत नाही. सोपं करून सांगाल?

उत्तर : ‘पटत नाही’ हे वाक्य मला फार आवडलं, कारण पटवून घ्यायचं सोडून पाठ करणारेच जास्त असतात. आईकडून दोन एकसारखी रुपयाची नाणी घे. एक नाणं म्हणजे एक झाड, दुसरं म्हणजे दुसरं झाड, दोन्ही पहिल्या पिढीतली उंच पण संकरित. प्रत्येक नाण्याचा छापा म्हणजे उंचीचं जनुक आणि काटा म्हणजे खुजेपणाचं. झाड आपल्या पिल्लाला दोनपैकी एकच जनुक देतं आणि कुठलं ते नशिबावर, म्हणून नाणं उडवायचं. दोन्ही नाणी एकत्र उडव आणि लिहून ठेव. छापा-छापा पडला तर उंच. छापा-काटा पडला तरी उंच, कारण उंचीचं जनुक प्रभावी, ते दुसऱ्याला झाकतं. काटा-काटा पडला तरच खुजं. आता चौकट बघ. दोन नाण्यांच्या चार जोड्या होतात : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. खुजं त्यातल्या एकातच. चौकट म्हणजे याच चार जोड्या चार घरांत लिहिलेल्या.

चाळीस वेळा उडवलंस तर काटा-काटा बरोबर दहाच वेळा येईल असं नाही, आठ येईल, तेरा येईल. मेंडेललाही नेमकं ३:१ मिळालं नव्हतं. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत त्यानं वाटाण्याची झाडं वाढवली आणि दुसऱ्या पिढीत ७८७ उंच, २७७ खुजी मोजली. भाग देऊन बघ, २.८४ येतं. त्यानं एवढी झाडं मोजली म्हणून त्या आकड्यांत त्याला नियम दिसला. १८६५ मध्ये त्यानं हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं आणि पुढची चौतीस वर्षं जवळपास कोणी लक्ष दिलं नाही.

याच नाण्यावर लिंगनिश्चितीचा प्रश्न सोडव, तो मार्कांचा आहे. आईच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना एक्स. ती काही केलं तरी एक्सच देणार. वडिलांच्या नाण्याच्या एका बाजूला एक्स आणि दुसऱ्या बाजूला वाय. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं, आधी तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळी मुलगा येण्याची शक्यता वाढत नाही. हे वाय गुणसूत्र नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी १९०५ साली पिठातल्या किड्यांवर काम करताना ओळखलं.

आणि आता जरा थांबून ऐक. माझी एक विद्यार्थिनी होती, वर्गात हुशार. लग्नानंतर तिसरी मुलगी झाली म्हणून तिला माहेरी पाठवून दिलं. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, मला तो प्रश्न अजून येतो, पण तिथं कोण ऐकतंय?’ त्या दिवसापासून मी हा भाग शिकवताना दर वर्षी मुलांना उभं करून मोठ्यानं बोलायला लावत आले : मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, आणि तेही त्यांच्या हातात नसतं. तू मुलगा आहेस. पेपरात लिहिशील तेव्हा नीट लिही आणि घरी कोणी आईला किंवा काकूला बोललं तर तिथंही हेच सांग, नाणी खिशात ठेवून.

प्रश्न : सगळं येतं, पण हॉलमध्ये बसलं की डोकं कोरं होतं. मागच्या वेळी येत असलेलं उत्तर सोडून आले. काय करावं? (हुक्केरी तालुका)

उत्तर : पेपर हातात आल्यावर सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त वाचायची असतात. त्या वेळात उत्तरं आठवायचा प्रयत्न करू नको. पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच आणि जे प्रश्न हमखास येतात त्यांचे नंबर मनात ठेव. लिहायची घंटा झाली की त्यातलाच एक पहिला घे, क्रमानं लिहायची सक्ती नसते, फक्त प्रश्नाचा नंबर नीट घाल. पहिलं उत्तर बरोबर गेलं की हाताची थरथर थांबते. एखादा शब्द अडला तर तिथंच दहा मिनिटं घालवू नको, जागा सोडून पुढं जा. तो शब्द बहुतेक वेळा तिसऱ्या उत्तराच्या मध्येच येतो, मग मागं जाऊन भर.

आकृती पेन्सिलीनं काढ, नावांच्या रेषा पट्टीनं सरळ काढ आणि एकमेकींना छेदू देऊ नको. नावं सगळी एका बाजूला, एकाखाली एक लिही. तपासताना माझी नजर आधी तिथं जायची. पेन्सिली दोन ने, आदल्या रात्रीच टोक करून ठेव, आणि हॉल तिकीट त्यांच्याबरोबर कंपासपेटीत घाल.